विरळ लॉनसाठी बर्म्युडाचं बियाणं, इंदूरमधला अनुभव

आधी निकाल सांगते मग बाकीचं. छावणीतल्या बियाण्याच्या दुकानातून साल काढलेलं बर्म्युडाचं, म्हणजे लॉनच्या हरळीचं, बी आणलं होतं, अर्ध्या किलोचं पाकीट, त्याला माझ्याकडून पाचपैकी चार. उगवण मस्त झाली, सोबत तण जवळजवळ आलंच नाही आणि सुदामा नगरच्या आमच्या घरापुढचं जे चारशे चौरस फुटांचं लॉन आहे त्याला पुरून उरलं. पण विरळ झालेलं लॉन दाट करायचं असेल तर नुसतं बी फेकून काही होत नाही आणि हे पाकिटावर कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

दुकानात दोन प्रकार मिळतात, सालीसकट आणि साल काढलेलं. सालीसकटवालं स्वस्त पडतं पण उगवायला दोन ते चार आठवडे घेतं, साल काढलेलं ऊन तापलेलं असेल तर सात ते दहा दिवसांत वर येतं. आता आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, त्यात मुंग्या बी उचलून नेतात, चिमण्या टिपतात, मग महिनाभर ओल सांभाळत कोण बसणार, तेव्हा थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील पण साल काढलेलंच घ्या. लेबलवर उगवणीची टक्केवारी आणि टेस्टची तारीख नक्की बघा, जुनं बी स्वस्तात देत असले तरी नको. आणि 'ऑल सीझन लॉन' असलं काही लिहिलेलं मिक्स पाकीट तर अजिबात नको. शेजारच्या काकांनी ऑनलाइन मागवलेलं, डिसेंबरात इतकं सुंदर हिरवंगार आलं की येणारे-जाणारे थांबून बघायचे, पण त्यात निघालं राय गवत, म्हणजे थंडीचं गवत, एप्रिलमध्ये पारा चाळीसला गेला आणि सगळं वाळून गेलं. काकांनी जीव लावून केलं होतं हो, मला फार वाईट वाटलं.

काम केलं आमच्या कॉलनीत येणाऱ्या मालीबाबांनी आणि त्यांच्या कामाला मात्र पाचपैकी पाच. बी दाखवल्यावर त्यांनी पाकीट बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "बीज बाद में डालेंगे, पहले धूप तो आने दो." आधी कडुनिंबाच्या खालच्या फांद्या उतरवल्या. अगदी बरोबर केलं, बर्म्युडाला रोज सहा ते आठ तास सरळ ऊन लागतं, सावलीत ते कितीही खत दिलं तरी विरळच राहणार. मग मशीन एकदम खाली करून जुनं गवत इंचभराच्या आत कापलं आणि दाताळ्याने ओढून खालचा वाळलेला थर काढला. केवढा निघाला! पोतं भरलं. त्या थराखाली आपली माळव्याची काळी माती, पावलांनी दबून एवढी गच्च झालेली की पाणी ओतलं तर वरच्या वर वाहून जायचं. बी अशा जागी पडलं असतं तर मातीला टेकलंच नसतं. बाबांनी सगळीकडे सळईने भोकं पाडली आणि वर चाळलेलं गांडूळखत आणि वाळू मिसळून पातळ थर दिला.

खतावरून एक सांगते, कच्चं शेणखत टाकू नका. त्यातून तणाचं बी येतं, हुमणी येते, लव्हाळा आला तर मग काढता काढता जीव जातो. याच इंदूरमध्ये 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली, शेण आणि पालापाचोळा नीट कुजवूनच वापरायचा हे इथूनच जगभर गेलं, मग आपल्याच अंगणात कच्चं कशाला टाकायचं.

बी फारच बारीक असतं, एका ग्रॅममध्ये चार हजारांच्या आसपास दाणे, हातात घेतलं तर बोटांच्या रेषांत अडकून बसतं. म्हणून कोरड्या वाळूत मिसळलं, निम्मं उभं आणि निम्मं आडवं फेकलं आणि फळीने दाबलं. पुरायचं नाही, पाव इंचाच्या खाली गेलं तर येणारच नाही. पाणी दिवसातून तीन-चार वेळा पण बारीक फवाऱ्याने, पाइप सरळ सोडला की बी वाहून एका कोपऱ्यात जमा होतं. पहिले कोंब उभं राहून दिसत नाहीत, सकाळच्या तिरप्या उन्हात खाली वाकून बघितलं तर काळ्या मातीवर पोपटी केसांसारखी लव दिसते. आईला पहिल्यांदा दाखवली तेव्हा ती किती वेळ तिथेच बसून होती.

आता खरं दाट कशाने झालं ते. बियाण्याने फक्त टकलं भरली, उघडी माती होती तिथे छान आलं. मधलं जे विरळ होतं ते भरलं जुन्याच गवताच्या धावत्या फुटव्यांनी. शेवटी हरळीच ती, सोयाबीनच्या शेतात शेतकरी तिला उपटून उपटून थकतात, तिला पसरायला फक्त ऊन, पोट भरून नत्र आणि वारंवार कापणी पाहिजे. नवीन गवत दोन इंच झालं की कापायला सुरुवात करा, एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त नाही, जितकं आखूड ठेवाल तितकं ते आडवं पसरतं. युरिया मात्र कोंब महिनाभराचे झाल्यावरच, चारशे फुटांना महिन्याला चारशे ग्रॅमच्या वर जाऊ नका आणि तोही दोन हप्त्यांत विभागून, गवत कोरडं असताना टाकून लगेच भरपूर पाणी, नाहीतर पातं जळतं.

एक स्टार कापला तो रंगासाठी. आमचं जुनं लॉन तयार तुकडे आणून लावलेलं, त्याचं पातं बारीक आणि गडद, बियाण्याचं जरा रुंद आणि फिकं, त्यामुळे जवळून बघितलं की ठिगळं कळतात. कापणी करत गेलं की फरक कमी होतो पण पूर्ण जात नाही, तुकड्यांचं लॉन असेल तर हे आधी लक्षात घ्या. आंब्याखाली तर काहीच आलं नाही, तिथे बर्म्युडाचा नाद सोडून आम्ही फरशा टाकतोय.

वेळ म्हणाल तर मार्च चांगला, माती तापलेली असते आणि जूनअखेरीस पाऊस लागेपर्यंत मुळं धरलेली असतात. पावसाच्या तोंडावर टाकलं तर काळ्या मातीत एका जोरदार सरीत बी नाल्यात. थंडीत तर टाकूच नका, आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत जुनं बर्म्युडासुद्धा पिवळं पडून झोपतं. आणि लॉनमध्ये तण येऊ नये म्हणून कोणी नुकतंच पेंडीमिथॅलीन मारलं असेल तर त्या औषधाने आपलं बीसुद्धा उगवत नाही, त्याचा असर काही महिने राहतो, तेव्हा पाकीट फोडण्याआधी माळ्याला हे विचारून घ्या.