तिसरं पान पाठवलंच नव्हतं, तरी 'ओघ उत्तम'!

कथा तपासून छापून आणतो म्हणणाऱ्यांना मी दिलेले पैसे असे: नोंदणीचे १,४९९. 'अनुभवी संपादकाचं वैयक्तिक मार्गदर्शन' १२,५००. 'दिवाळी अंकात हमखास जागा' ६,८००. एकूण २०,७९९ रुपये, सगळे यूपीआयने, माझ्याच हाताने गेले.

शिकलेली बाई कशी फसली, असं कुणी म्हणेल. बावीस वर्षं शाळेच्या ऑफिसात हिशेब सांभाळला, पावतीशिवाय रुपया सोडला नाही. पण कथा घरात दाखवली की 'छान आहे' म्हणतात आणि विषय संपतो. मला चुका दाखवणारं माणूस हवं होतं, यात माझं काय चुकलं? यांनी नेमकी तीच नस पकडली. 'ताई, लेखणीत ताकद आहे, फक्त जाणकार हात फिरायला हवा.' जाणकाराचं नाव विचारलं तर 'ते गोपनीय असतं'. नाव न सांगणाऱ्या संपादकाला एक पैसा देऊ नका.

सहा पानांची हाताने लिहिलेली कथा फोटो काढून पाठवली. चार दिवसांनी अभिप्राय आला: 'कथेचा ओघ उत्तम, व्यक्तिरेखा जिवंत.' आजीचं 'पोरी, भाकर खाल्ली काय वं?' खोडून 'बाळा, जेवलीस का?' केलेलं. त्या रात्री पानं आवरताना लक्षात आलं, तिसऱ्या पानाचा फोटो मी पाठवलाच नव्हता. आजी जाते ती त्याच पानावर! दुसऱ्या पानावर ती चुलीपुढे बसलेली आणि चौथ्यावर माणसं मोक्षधाम घाटावरून परतताहेत. तरी ओघ उत्तम! मला हे दिसलं होतं, तेच आजही सलतंय. अनुभवी माणसाला अंदाज आला असेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि दुसऱ्या दिवशी ६,८०० पाठवले. त्यानंतर फोन बंद.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला मी नऊ दिवस लावले, लाजेपायी. तुम्ही त्याच तासाला करा, पैसे पुढे सरकण्याआधी. बँकेने सांगितलं, व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय. पोलीस ठाण्यातून सायबरकडे पाठवलं, सायबरमधून परत ठाण्यात. मे महिन्याच्या उन्हात तीन खेपा. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, 'अभिप्राय मिळाला ना? मग फसवणूक कशी?' शेजारचा हवालदार म्हणाला, 'बाई, गोष्ट लिहायला पैसे कशाला द्यायचे?' एकाने तरी ती सहा पानं हातात घेऊन बघावीत! कागद वाचायचाच नाही तर तक्रार कशावर लिहून घेणार? शेवटी साध्या अर्जावर शिक्का मारून दिला. गुन्हा नोंदवलाच नाही.

मग नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या, मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईंकडे गेले. चौथं पान वाचून त्यांनी बोट ठेवलं, 'घाटावरून आल्यावर सून आधी चूल का पेटवते गं? सुतक नाही का?' मला उत्तर देता आलं नाही. 'भाकर खाल्ली काय वं' त्यांनी परत लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका पेन्सिलीने दाखवल्या, पण दुरुस्त मलाच करायला लावल्या. दीड तास बसल्या, पैसे घेतले नाहीत. पैसे घेणारे चांगले संपादकही असतात. आधी एक पान तपासून मागा आणि काय प्रश्न विचारतात ते बघा. छापून आणायची हमी देणारा तर हमखास खोटा.

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि आपण राहतो तिथेच तक्रार करता येते. हे मला ठाण्यात कुणी सांगितलं नाही. काल अर्ज भरला. पुरावा म्हणून फसवणाऱ्यांचा अभिप्राय आणि तिसरं पान जोडलंय.