एफबी0 वर आठ महिने: कळमन्याच्या अडतीतला भावफलक

मामांची नागपूरच्या कळमना मार्केटला संत्र्याची अडत आहे. लिलाव सुरू असताना ढीग क्रमांक आणि भाव दाखवणारा टीव्ही तिथे लावलाय. आधी त्यामागच्या जुन्या छोट्या संगणकावर ब्राउझर चालायचा. लाइट गेली की सगळं बंद. परत आली की ब्राउझर विचारायचा, मागची पानं उघडू का? उत्तर द्यायला कीबोर्डच नाही, आणि समोर शेतकरी भाव बघायला थांबलेले. संत्र्याच्या आंबिया बहाराच्या ऐन गर्दीत, नोव्हेंबरमध्ये, मी ब्राउझर, खिडक्या दाखवणारा एक्स सर्व्हर, सगळं काढलं आणि लिनक्सच्या फ्रेमबफरवर (पडद्यावरचं चित्र साठवणारी मेमरी), म्हणजे सरळ /डेव्ह/एफबी0 या फाइलवर, फलक रंगवणारा छोटा सी प्रोग्राम लिहिला. पुढचा मृग बहारही त्यावरच निघाला.

कल्पना फार देखणी आहे. पडदा म्हणजे एक फाइल. ती उघडायची, आयऑक्टल या सिस्टम कॉलने रुंदी, उंची आणि एका ठिपक्याला किती बिट ते विचारायचं, मग एममॅप या कॉलने ती मेमरी आपल्या प्रोग्रामात ओढून घ्यायची. त्यानंतर चार बाइट लिहिले की टीव्हीवर एक ठिपका उमटतो. ज्यांनी कॉलेजात टर्बो सी मध्ये व्हीजीए या जुन्या डिस्प्ले कार्डाच्या 320 बाय 200 मोडमध्ये ए000 या पत्त्यावर रंग टाकले असतील, त्यांना हा आनंद लगेच ओळखू येईल. फरक एवढाच की तिथे आपण थेट हार्डवेअरच्या पत्त्यावर लिहायचो आणि इथे मधे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आहे, कार्ड कुठलं ते तो सांभाळतो. ही सोय आधी अमिगा, अटारीसारख्या 68000 घराण्यातल्या यंत्रांसाठी आली, कारण त्यांना पीसीसारखा टेक्स्ट मोडच नव्हता. 1999 च्या 2.2 कर्नलपासून ती सर्वांना मिळाली.

पहिल्याच दिवशी चित्र तिरपं झालं. उभी रेघ काढली तर पडद्यावर डावीकडे निसटत जाणारे तुकडे. टीव्ही 1366 बाय 768 चा, ठिपक्याला चार बाइट, म्हणून ओळ 5464 बाइटची धरली होती. कर्नलने लाइन लेंग्थ सांगितली 5504. ड्रायव्हर ओळ 64 च्या पटीत नेतो, शेवटचे 40 बाइट नुसते पडून असतात. त्यामुळे दर ओळीला दहा ठिपके मागे सरकत होतो. रुंदीवरून ओळीची लांबी कधीही काढू नका, कर्नलला विचारा.

खरा घाम मराठीने काढला. फ्रेमबफरला अक्षर माहीतच नाही, त्याला फक्त ठिपके कळतात. लिनक्सच्या कन्सोलचा (नुसत्या अक्षरांच्या पडद्याचा) फॉन्ट जास्तीत जास्त 512 चिन्हांचा, आणि जोडाक्षरं जुळवणं त्याच्या गावीही नाही. मी आधी फॉन्टमधून अक्षराचं चित्र काढणाऱ्या फ्रीटाइप लायब्ररीने एकेक अक्षर काढलं. ‘संत्र्याचा भाव’ मधला ‘त्र्या’ सहा चिन्हांचा: त, हलन्त, र, हलन्त, य, काना. ती सगळी सुटी सुटी उभी राहिली. मामा बघून म्हणाले, ‘‘हा संत्रा मोडला ना बे तुझा.’’ मग अक्षरं जुळवणारी हार्फबझ लायब्ररी आणली. कुठलं रूप कुठे बसेल ते हार्फबझ ठरवतं, फ्रीटाइप त्याचा ठसा काढून देतं आणि मी तो ठसा मेमरीत मिसळतो. आता नोटो सॅन्स देवनागरी या फॉन्टमध्ये ‘संत्र्याचा’ लांबूनही स्वच्छ वाचता येतं. ज्यांना मराठी दाखवायचंय त्यांनी निम्मा वेळ यासाठीच राखून ठेवावा.

कन्सोलचा कर्सर कोपऱ्यात लुकलुकायचा. एकदा यूएसबीचा कर्नल संदेश थेट भावांवर छापला गेला. टर्मिनलला ग्राफिक्स मोडमध्ये टाकल्यावर दोन्ही थांबलं.

मनापासून आवडलेली गोष्ट: धरमपेठेतल्या घरून एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरून) एफबी0 ही फाइल नुसती कॉपी केली की फलकाचा फोटो मिळतो. 5504 गुणिले 768, म्हणजे 42,27,072 बाइट. ‘‘बोर्डावर काय दिसतंय?’’ असं फोनवर विचारायची गरज उरली नाही. मात्र हेच उलटंही लागू आहे. लिनक्सच्या ‘व्हिडिओ’ या परवानगी-गटातला कुठलाही प्रोग्राम तुमचा अख्खा पडदा वाचू शकतो. एकट्या फलकाला चालतं, घरच्या संगणकावर मी हे करणार नाही.

तक्रार एकच, पण मोठी. खाली सरकणारी सूचनापट्टी फाटते. टीव्ही चित्र घेत असतानाच आपण लिहितो, त्यामुळे वरचा अर्धा शब्द पुढे, खालचा मागे. हे टाळायला नवं चित्र दुसऱ्या, न दिसणाऱ्या पानावर काढून मग पान बदलावं लागतं. त्या पानाला जागा लागते, आणि इथे आभासी उंची, म्हणजे मेमरीतल्या एकूण ओळी, 768 च होती. म्हणून गेटजवळच्या दुसऱ्या टीव्हीसाठी डीआरएम या लिनक्सच्या नव्या डिस्प्ले व्यवस्थेचे डम्ब बफर, म्हणजे साधे चित्र-बफर, वापरले. कनेक्टर (टीव्हीची जोडणी) शोधा, मोड निवडा, दोन बफर मागा, पेज फ्लिप (पानांची अदलाबदल) करा. कोड वाढला, पण ठिपके रंगवायचा भाग एक ओळही न बदलता तसाच चालला, आणि पट्टी आता पाण्यासारखी सरकते. कर्नलवाले जुन्या फ्रेमबफर पद्धतीचे नवे ड्रायव्हर घेत नाहीत. माझ्या यंत्रावरचा एफबी0 सुद्धा आतून डीआरएमच पुरवतो. नवीन काम असेल तर सरळ डीआरएमवर जा. शिकायचं असेल किंवा स्थिर फलक असेल तर एफबी0 सारखी दुसरी सोपी वाट मला माहीत नाही.

मे महिन्याच्या उन्हात पत्र्याखाली दोन्ही संगणक चालू राहिले. लाइट आली की मामा चष्मा नाकावर घेईपर्यंत भाव पडद्यावर असतात. आतला फलक एफबी0 वरच ठेवलाय, फक्त त्याची पट्टी सरकवणं बंद करून सूचना एकेक करून बदलतो.