महिन्याचा दुसरा रविवार: एंडोमेट्रिऑसिसच्या सोबत-गटाबद्दल

पुण्यात कर्वे रस्त्यालगतच्या एका गल्लीत, फिजिओथेरपीच्या दवाखान्यावरच्या खोलीत, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ४ ते ६ आम्ही एंडोमेट्रिऑसिस असलेल्या बायका जमतो. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजालं गर्भाशयाच्या बाहेर रुजतात. दाराला पाटी नाही, सभासद फी नाही, चहाचे ५० रुपये. मी गेलं सव्वा वर्ष जातेय. हेच दुखणं असलेल्या आणि ‘जावं की नको’ अशा घोळात असलेल्या बायकांसाठी हे लिहितेय.

माझी पाळी १३व्या वर्षी आली, दुखणंही तेव्हाच. साताऱ्याच्या घरी आई वीट तापवून फडक्यात गुंडाळून द्यायची, ओवा चावायला लावायची आणि म्हणायची, लग्न झालं की थांबेल. नाही थांबलं. तीन सोनोग्राफ्या नॉर्मल आल्या. एका डॉक्टरांनी ‘तुमची सहनशक्ती कमी आहे’ असं सांगितलं. ३१व्या वर्षी डाव्या अंडाशयावर चॉकलेट सिस्ट, म्हणजे या आजारातली जुन्या रक्तानं भरलेली गाठ, सापडली, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, ‘सगळं साफ केलंय’ म्हणून घरी पाठवलं. दीड वर्षात कळा परत सुरू झाल्या. तेव्हा तर बोलायचीही चोरी झाली. ऑपरेशन झालंय ना, मग आता काय?

मी चिंचवडहून येते, पीसीएमसीहून मेट्रोनं. सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, गरवारे कॉलेजला उतरायचं. बस टाळते, कारण वाईट दिवसांत एकेक स्पीडब्रेकर ओटीपोटात कळतो. पहिल्याच दिवशी हे मी तिथे बोलले आणि चार-पाच जणी एकदम म्हणाल्या, ‘हो, रिक्षातसुद्धा!’ इतक्या वर्षांत हे वाक्य मला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

खोलीत खुर्च्या थोड्या, चटया आणि उशा भरपूर. कुणी बसतं, कुणी कुशीवर पडून पाय पोटाशी घेतं. माझ्या शेजारची मुलगी पूर्ण दोन तास गरम पाण्याची पिशवी पोटाला लावून आडवी होती आणि तिच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. गट चालवणाऱ्या ताई निवृत्त परिचारिका आहेत. त्यांचं स्वतःचं गर्भाशय काढलंय, तरी दुखणं पूर्ण गेलेलं नाही. ‘पिशवी काढली की सुटलीस’ असं ज्यांना घरचे सांगतात त्यांनी ताईंशी एकदा बोलावं. गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजालं आतड्यावर, मूत्राशयावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर रुजलेली असतील, तर नुसतं गर्भाशय काढून ती जात नाहीत.

गटाचा एक नियम मला फार आवडतो. एखादी बोलून थांबली की ताई तिला विचारतात, ‘सांगू का, की नुसतं ऐकू?’ ती ‘ऐका’ म्हणाली तर कुणी तोंड उघडत नाही. कुणाचं औषध बंद करायला सांगायचं नाही आणि काही विकायचं नाही, हेही ठरलेलं. एकदा एक बाई डब्यातली पावडर घेऊन आल्या होत्या, तिनं गाठी विरघळतात म्हणे. ताईंनी त्यांना चहा दिला, त्यांचं दुखणं ऐकलं आणि डबे पिशवीतून बाहेर काढू दिले नाहीत.

मला सगळ्यात उपयोग झाला तो वहीचा. दुखतं त्या दिवशी तारीख, पाळीचा कितवा दिवस, कुठे दुखलं आणि त्यामुळे काय राहून गेलं, एवढं लिहायचं. ‘खूप दुखतं’ म्हटलं की डॉक्टर मान हलवतात, राहिलेलं काम लिहिलं की प्रश्न विचारतात, असं ताई म्हणतात. मी लिहीत गेले: मंगळवार, दुसरा दिवस, पोळ्या उभ्यानं लाटता आल्या नाहीत. बुधवार, शौचाच्या वेळी सुरी फिरल्यासारखं, ऑफिसला अर्धा दिवस. तीन महिन्यांची वही घेऊन मी नव्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ती पानं वाचली, शौचाच्या दुखण्यावर बोट ठेवलं आणि एमआरआय करायला सांगितला. गर्भाशय आणि गुदाशय यांच्या मधल्या जागेत खोलवर गाठ निघाली. साध्या सोनोग्राफीत अशा जागा सुटून जाऊ शकतात. आता डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी चालू आहे, रोज २ मिलिग्रॅम. सुरुवातीला अधूनमधून डाग लागायचे, मी घाबरून बंद करणार होते. ‘आधी डॉक्टरांना फोन कर’ असं गटातल्या दोघींनी सांगितलं म्हणून टिकले.

खालच्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट मधूनमधून वर येतात. वर्षानुवर्षं दुखणं सोसून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळलेलेच राहतात, तिथे केगल, म्हणजे हेच स्नायू आवळायचा व्यायाम, करून ते आणखी आवळले तर त्रास वाढू शकतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. मी दोन वर्षं मोबाइलवर बघून केगल करत होते! आधी सैल सोडायला शिकायचं. लांब श्वास घेऊन पोट फुगू द्यायचं, एवढंही मला पहिल्या दिवशी जमलं नव्हतं.

आता जे खटकतं ते. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. संडास एकच, तोही खाली. आमच्यासारख्या दुखण्यात ही लहान गोष्ट नाही. बोलणं दर वेळी मूल होण्याकडे आणि आयव्हीएफकडे घसरतं. ज्यांचं लग्न झालेलं नाही किंवा ज्यांना मूल नकोय, त्या तासभर नुसत्या ऐकत बसतात. आणि एक सल माझ्या मनात आहे. घरकाम करणारी एक बाई दोनदा आली होती. आम्ही एक्सिजन (गाठी कापून काढणं), स्टेज, हार्मोन्स असं बोलत राहिलो. तिला थांबून कुणी समजावलं नाही, मीही नाही. ती परत आली नाही. त्यानंतर मी साध्या मराठीत दोन पानं लिहून काढली, ती आता दाराशी ठेवलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार पाळीच्या वयातल्या साधारण १० टक्के बायका-मुलींना हा आजार आहे. त्यात तिच्यासारख्या किती असतील!

दर तीन महिन्यांनी घरच्यांना बोलावतात. मी आईला साताऱ्याहून आणलं. तिच्याच वयाच्या एक काकू ‘पाळी जाईपर्यंत मी दर महिन्याला न्हाणीघराचं दार लावून ओरडायचे’ असं सांगत होत्या. आई दोन तास एक शब्द बोलली नाही. परतताना मेट्रोत म्हणाली, ‘मला वाटायचं तू शाळा बुडवायला करतेस.’ मग माझी पिशवी तिनं स्वतःच्या मांडीवर ओढून घेतली आणि चिंचवडपर्यंत धरून बसली.

पहिल्यांदा जाणार असाल तर ४च्या आधी दहा मिनिटं पोचा, भिंतीकडेची चटई मिळते. रिपोर्टची फाइल नेली नाही तरी चालतं. विजेवरची शेकायची पिशवी नेऊ नका, प्लग दोनच आहेत आणि एकावर चहाची किटली असते. रबरी पिशवी न्या, गरम पाणी तिथे मिळतं.