बजेटचा फॉर्म भरावा की हरकत नोंदवावी?

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीताई पेचात आहेत: महापालिकेकडे म्हणणं मांडायचंय, पण कोणत्या मार्गाने?

पुणे महापालिकेने २००६ मध्ये सहभागी अंदाजपत्रक (बजेटसाठी नागरिकांनीच कामं सुचवायची) सुरू केलं. यात मेहनत कमी. फॉर्म भरून क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा, बस्स. पदपथ, बाकडी, पथदिवे अशी छोटी कामं सुचवता येतात. खर्चाला मर्यादा असते. मात्र फॉर्म घेतला म्हणजे काम मंजूर झालं असं नाही, पाठपुरावा आपल्यालाच करावा लागतो. "पदपथ दुरुस्त करा" एवढंच लिहू नका. कोणत्या चौकापासून कोणत्या फाटकापर्यंत, कुठल्या बाजूचा, फरशा कुठे उखडल्यात, सगळं लिहा.

हरकतीमागे १९६६ चा नगररचना कायदा उभा आहे. शहरातली कोणती जागा कशासाठी हे ठरवणाऱ्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचना मागवाव्याच लागतात, सुनावणीही द्यावी लागते. २०१३ च्या मसुद्यावर पुणेकरांनी ८० हजारांहून जास्त हरकती नोंदवल्या होत्या! कष्ट मात्र भरपूर: नकाशा बघा, सर्व्हे नंबर शोधा, मुदत पाळा, सुनावणीला रजा काढून जा. छापील मजकुरावर नुसत्या सह्या गोळा करण्यापेक्षा मुद्देसूद एक पान मला जास्त मोलाचं वाटतं.

परिणाम? बाकडं पाच-सात वर्षांत मोडतं. मैदानाचं आरक्षण एकदा उठलं की त्यावर इमारत उभी राहते.

म्हणून गल्लीतला दिवा, पदपथ हवा असेल तर फॉर्म भरा. मैदान, रस्तारुंदी, टेकडी यांचा प्रश्न असेल तर हरकतच नोंदवा आणि सुनावणी चुकवू नका.