दारू सोडवणाऱ्या 'ग्रुप'ने आमचे ४१,४०० रुपये खाल्ले

हे लिहायला चार महिने लागले, कारण लाज वाटत होती. ह्यांची दारू चारचौघांत काढायची आणि वर आपण फसलो हेही सांगायचं. पण परवा आमच्या ऐरोलीतल्याच एका बाईने तोच नंबर दाखवून विचारलं, "हे लोक चांगले आहेत का हो?" तेव्हा ठरवलं, आता गप्प बसायचं नाही.

नंबर मला ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यात मिळाला. खिडकीच्या वर स्टिकर होता. असले स्टिकर सगळ्यांनीच पाहिलेत, मीही कधी ढुंकून बघितलं नसतं. पण ह्यावर 'बारा पायऱ्यांचा सपोर्ट ग्रुप' असं होतं, आणि ह्यांच्या डॉक्टरांनी नेमकं तेच सांगितलं होतं: एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसची मीटिंग शोधा, त्यांच्या बारा पायऱ्या असतात. मला वाटलं, हेच ते. कोणाला मी बावळट वाटेन. पण तीन आठवड्यांपूर्वी हे जिन्यात पडून डोक्याला सहा टाके पडले होते. रात्रभर जागून दिवसा ऑफिसात हिशेब लिहीत होते मी. अशा वेळी कोणी "ताई, आता तुम्ही काळजी सोडा" म्हणालं, तर त्याच्याकडे कागद मागायचं सुचत नाही.

नौपाड्यात जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर खोली. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर प्रार्थना, कपात चहा. एकाने उभं राहून आपली कहाणी सांगितली, आम्ही दोघंही रडलो. पुढच्या बैठकीत त्याने तीच कहाणी शब्दन् शब्द तशीच सांगितली, त्याच जागी थांबून डोळे पुसले. तेव्हाही मी काही बोलले नाही. नोंदणी १,१००. मग 'किट' ६,५००, त्यात एक वही, एक बिल्ला आणि झेरॉक्सची पानं. मग 'सर' म्हणाले, पूर्ण कोर्स पायरीमागे २,०००, म्हणजे २४,०००, आजच भरा.

ती वेळ अजून डोळ्यांपुढून जात नाही. टेबलावर सेलोटेपने क्यूआर कोड चिकटवला होता, एक कोपरा सुटलेला. स्कॅन केला तर नाव आलं मोबाइल कव्हरच्या दुकानाचं. माझा अंगठा थांबला. विचारलं, तर म्हणाले, "ट्रस्टचं खातं ऑडिटला आहे, ताई." अहो, मी दरवर्षी ऑडिटचे कागद काढून देते! ऑडिट चालू असलं म्हणून खातं बंद पडत नाही, हे मला कळत होतं. पण शेजारून हे म्हणाले, "भर ना, मला खरंच सोडायची आहे." कितीतरी महिन्यांनी ह्यांनी माझ्या नजरेला नजर दिली होती. मी पिन टाकला.

शेवटचे ९,८०० पावडरीचे. "भाजीत कालवा, त्यांना कळणार नाही." पुडीवर नाव नाही, तारीख नाही. मी दोन दिवस घातली, हे कबूल करते. तिसऱ्या रात्री हे बाहेरून पिऊन आले आणि चेहरा लालभडक, छातीत धडधड, उलट्या. अपघात विभागातल्या डॉक्टर मला खूप बोलल्या. डायसल्फिरॅम नावाचं औषध पोटात असताना दारू प्यायली तर असंच होतं, रक्तदाब कोसळून जिवावरही बेतू शकतं. ते रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. पुडीत तेच होतं का, हे कोणी तपासलं नाही. नकळत काहीही देऊ नका. आणि रोज पिणाऱ्याची एका दिवसात बंदही करू नका, झटके येऊ शकतात, आधी डॉक्टर गाठा.

तक्रारीचं काय सांगू? आमच्या बाजूचं पोलीस ठाणं म्हणालं, खोली ठाणे शहरात आहे, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, पैसे ऐरोलीतल्या बँकेतून गेले, इकडे का आलात? सुट्ट्या टाकून पाच फेऱ्या मारल्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवलं, की हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यायचा असतो. साहेबांनी कागद उलटा करून ठेवला. "मॅडम, पैसे तुम्ही स्वतः दिलेत ना? मग फसवणूक कसली?" सगळ्यांसमोर वर हेही विचारलं, "मिस्टर अजून पितात का?" बँकेचं उत्तर, पिन तुमचाच आहे. पुडी घेऊन आणखी एका सरकारी कार्यालयात गेले, तर म्हणे बिल आणा. असली माणसं बिल देतात का? तुमच्या बाबतीत असं झालं तर त्याच तासात १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. मी चार दिवस लाजेत घालवले.

एएमध्ये फी नसते. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनीच, एक शेअर दलाल आणि एक सर्जन, ते सुरू केलं. दारू सोडायची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट. कोर्स नाही, औषध नाही. कोणी एएच्या नावावर औषध विकलं की तिथेच उठा. व्यसनमुक्तीसाठी सरकारी टोल फ्री क्रमांक १४४४६ आहे, तो मला आधी माहीत असता तर...

खरी मीटिंग शेवटी डॉक्टरांनीच शोधून दिली, एका शाळेच्या वर्गात. घरच्यांनाही बसू देतात अशी खुली मीटिंग होती. ह्यांना कोणी आडनाव विचारलं नाही. शेवटी एक पिशवी फिरली, मी पन्नासची नोट काढली, तर शेजारच्या काकांनी माझा हात अडवला. "तुम्ही नका टाकू, ताई. बाहेरच्यांचे पैसे आम्ही घेत नाही."

नौपाड्यातल्या खोलीला आता कुलूप आहे. तक्रारीचं अजून 'चौकशी सुरू' एवढंच. स्टिकर मात्र डब्यात आहे. एक मी नखाने खरवडून काढला. दुसरा दरवाजाच्या वर आहे, तिथे माझा हात पोचत नाही.