तालुक्याच्या दवाखान्यातली समुपदेशनाची खोली, भाचीला घेऊन चारदा गेलो त्याचा अनुभव

गडचिरोली जिल्ह्यात ज्यांची लेकरं आश्रमशाळेत आहेत त्यांच्या कामी येईल म्हणून लिहितो. माझी भाची 12 वर्षांची, सातवीत. दिवाळीची सुट्टी संपवून शाळेत परत गेली आणि तेव्हापासून पोट दुखते म्हणे, जेवण सुटलं, रात्री उठून नुसती बसून राहायची. तीनदा गोळ्या झाल्या, सोनोग्राफी झाली, काहीच निघालं नाही. होस्टेलवर म्हणत होते नाटक करते. आम्ही गावच्या पुजाऱ्यालाही दाखवलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. शेवटी आशाताई म्हणाली की दवाखान्यात मनाच्या त्रासावर बोलणाऱ्या मॅडम बसतात, केसपेपर काढा आन जाऊन तर या.

पहिल्या दिवशी मॅडमनी प्रश्नांचा कागद काढला. उदास वाटते का, कशात मन लागत नाही का, असं एकेक. पोरगी सगळ्याला हो म्हणत गेली, कारण मोठ्या माणसानं मराठीत विचारलं की हो म्हणायचं एवढं ती शाळेत शिकली आहे. घरी आम्ही गोंडीच बोलतो. मी म्हटलं मॅडम, तिला हे समजून नाही राहिलं. त्यांनी कागद बाजूला ठेवला, रागावल्या नाहीत, आणि विचारलं घरी हिचं सगळ्यात जास्त कोणाशी जमते. आजीशी. मग पुढच्या वेळी आजीला आणा.

आजी आली, दोघी गोंडीत बोलल्या, मी मराठीत सांगत गेलो. तेव्हा कुठं कळलं. वर्गात तोंडून गोंडी शब्द निघाला की पोरं हसतात, म्हणून ती बोलणंच टाळायला लागली. मागच्या वर्षी परीक्षेपायी मोहफुलं वेचायला येता आलं नाही, पंडुम म्हणजे आमचा सण, तो पण चुकला. आणि दिवाळीत घरी आली तर आजीसोबत जंगलात एका झाडाचं गोंडी नाव तिला आठवलं नाही, आजी सहज हसली. शाळेत बोलली म्हणून हसले, घरी विसरली म्हणून हसले, मग आता बोलू कशात, असं म्हणाली पोरगी. आजी तिथंच रडायला लागली, मलाही काही बोलता आलं नाही.

मॅडमनी डॉक्टरांनाही दाखवलं, सध्या गोळीची गरज नाही म्हणाले. शाळेला चिठ्ठी दिली, की दर रविवारी घरी फोन लावू द्या, गोंडी बोलणाऱ्या मैत्रिणीशेजारी झोपू द्या, मोहाच्या दिवसात दोन दिवस घरी पाठवा. घाबरल्यासारखं झालं तर श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. चौथ्या भेटीपर्यंत पोरगी पोटभर जेवायला लागली होती. रात्री कधी कधी अजून उठते.

आता कमी काय ते. मंगळवार आणि शुक्रवार दोनच दिवस, एसटीनं अर्धा दिवस जाते, मजुरी बुडते. दाराला नुसता पडदा आहे, बाहेर लाईनमधल्या लोकांना सगळं ऐकू येते. आणि गोंडी येणारं कोणीच नाही, मलाच मध्ये बसावं लागलं, आता 12 वर्षांची पोरगी मामासमोर सगळं थोडीच सांगेल? गोंडी बोलणाऱ्या एका बाईची नेमणूक झाली पाहिजे, मेळघाटात कोरकू आणि यवतमाळात कोलामी बोलणारी पाहिजे. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 पासून गोंडीतून शाळा चालवून दाखवली, मग दवाखान्यात हे काहून होत नाही?

नंतर मी मोबाईलवर बरंच वाचलं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातल्या आदिवासी वस्त्यांवर चँडलर आणि लालोंद या दोघांचा अभ्यास 1998 ला छापून आला, त्यात ज्या वस्त्यांची शाळा, दवाखाना, कारभार त्यांच्याच हातात होता तिथं तरुण पोरांच्या आत्महत्या फार कमी निघाल्या. वाचलं आणि आजीचा चेहराच डोळ्यासमोर आला.

पाचपैकी चार देतो, चारही त्या मॅडमचे. जाणं जमलंच नाही तर सरकारचा टेली मानस नंबर आहे 14416, फुकट आहे, रात्रीही लागते. पण जमत असेल तर जाच, 11 च्या आत केसपेपर काढा आणि लेकराच्या आजीला नाहीतर मावशीला सोबत घ्या.