क्लचचं पेडल खाली बसलं: मास्टर सिलिंडर बदलायचा की स्लेव्ह?

पेडल तळाला जाऊन तिथंच राहिलं, की ‘क्लच प्लेट गेली’ म्हणत गिअरबॉक्स उतरवायची घाई होते. कृपा करून ती करू नका. इंजिन बंद असताना गिअर अलगद पडतात आणि सुरू केल्यावर रिव्हर्स टाकताना खरखर होते, याचा अर्थ क्लच सुटत नाहीये, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाहीये. प्लेट झिजली असती तर गिअर नीट पडले असते, पण चढावर इंजिन नुसतं ओरडलं असतं आणि गाडीनं वेग घेतला नसता.

मास्टर म्हणजे पेडलपाशी बसून ऑइलवर दाब देणारा सिलिंडर, आणि स्लेव्ह म्हणजे गिअरबॉक्सपाशी त्या दाबानं क्लच सोडवणारा. मास्टर तपासायला सोपा. टॉर्च घेऊन पेडलच्या मुळाशी वाका आणि पुशरॉड (पेडलनं ढकलला जाणारा दांडा) मास्टरच्या आत शिरतो तिथल्या रबरी बुटावर बोट फिरवा. ओलं, निसरडं लागलं तर मास्टर गेला. फसवतो तो दुसरा प्रकार: बाहेर थेंब नाही, ऑइलच्या टाकीतली पातळीही तेवढीच, पण आतलं वॉशर प्रेशर धरत नाही आणि ऑइल मागच्या मागे टाकीत परततं. सपाट, मोकळ्या जागी इंजिन सुरू ठेवून, ब्रेक घट्ट दाबून पहिला गिअर टाका आणि क्लच दाबून धरा. पाय न हलवता अर्ध्या मिनिटात गाडी पुढे रेटू लागली आणि गळती कुठंच नसेल, तर माझा पहिला संशय मास्टरवर.

स्लेव्ह गिअरबॉक्सच्या बाहेर असेल तर कुणाला तरी पेडल दाबायला सांगून त्याचा रॉड बघा. बूट ओला असेल तर स्लेव्ह गेला. रॉड पुरता सरकूनही क्लच सुटत नसेल तर दोष हायड्रॉलिकमध्ये नाही. फोर्क, रिलीज बेअरिंग, प्रेशर प्लेट हे क्लचचे आतले भाग बघावे लागतील. जेमतेम सरकत असेल तर लाइनमध्ये हवा असेल किंवा मास्टर कमी पडत असेल. भराभर पंप केल्यावर पेडल वर आलं तर आधी लाइनमधली हवा काढा. चार दिवसांत ते पुन्हा मऊ पडलं, तर हवा कुठून तरी आत शिरतेय.

काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत, इनपुट शाफ्टभोवती (इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणारा दांडा) बसवलेला असतो. तो दिसत नाही. इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्याखाली पडलेला थेंब तेवढी खूण. हा थेंब पाण्याच्या वाटीत सोडा: क्लचमध्ये असतं ते ब्रेक ऑइल मिसळून जातं, इंजिन ऑइल वर तरंगतं.

निवड इथंच ठरते. बाहेरचा स्लेव्ह आणि मास्टर एकाच वयाचे असतील तर मी दोन्ही एकदम बदलेन, कारण नवं प्रेशर आलं की जुनं वॉशर फार दिवस धरत नाही. आतला स्लेव्ह मात्र मास्टर निर्दोष ठरल्याशिवाय उघडू नका. गिअरबॉक्स उतरलाच, तर प्लेट आणि प्रेशर प्लेटही त्याच वेळी बदला. तीच मजुरी दोनदा कशाला?

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच घाला, बहुतेक डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल. तिथं चुकून इंजिन ऑइल गेलं तर सगळी रबरं फुगतात. बऱ्याच गाड्यांत ही टाकी ब्रेकशी सामाईक असते, म्हणून पातळी उतरलेली दिसली तर क्लच कसाबसा चालतोय म्हणून गाडी रेटत राहू नका.